ज्वेल ऑर्किडचं खोड पावसाळ्यात मऊ पडतंय, वाचवायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. कांदिवलीला १४व्या मजल्यावर फ्लॅट, हॉलची खिडकी पश्चिमेला, मे महिन्यात नर्सरीतून काळपट मखमली पानांचं, पानावर तांबूस रेषा असलेलं झाड आणलं. नर्सरीवाले म्हणाले ग्राउंड ऑर्किड आहे, मातीतच राहू द्या. आता जुलै संपत आला आणि खालची पानं पिवळी पडून गळतायत, खोड मातीला लागून मऊ लागतंय. झाड वाचवायला तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: पाणी बंद करू का, उन्हात ठेवू का, की फॅलेनॉप्सिससारखं (ते झाडांच्या फांद्यांवर वाढणारं ऑर्किड) विटांच्या तुकड्यांत आणि कोळशात लावू.

तिन्ही नको, निदान आत्ता तरी नको. तुमच्या झाडाला पाणी जास्त झालंय असं सगळे सांगतील आणि ते चूक नाही, पण खरी अडचण पाण्यापेक्षा हवेची आहे. कुंडीतल्या मातीत मुळांना हवाच मिळत नाहीये. हे एकदा नीट लक्षात आलं की पुढचं सगळं, म्हणजे मातीऐवजी कुंडीत भरायला काय मिक्स घ्यायचं, कुंडी कुठली, पाणी कधी, हे तुम्हाला स्वतःलाच ठरवता येईल, मला विचारायला लागणार नाही.

पण आधी झाड नक्की कुठलं ते बघू, कारण आपल्याकडे नर्सरीत ग्राउंड ऑर्किड म्हणून दोन अगदी वेगळी झाडं विकली जातात. एक म्हणजे स्पॅथोग्लॉटिस, त्याची पानं लांब, हिरवी, उभ्या घड्या पडलेली असतात आणि जांभळी-गुलाबी फुलं उंच दांड्यावर येतात, सोसायटीच्या बागेत, ऑफिसच्या गेटपाशी वगैरे लावलेलं असतं ते हेच. त्याला ऊन लागतं, खत लागतं आणि पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत ते छान राहतं. दुसरं तुमचं, लुडिसिया डिसकलर, सगळे त्याला ज्वेल ऑर्किड म्हणतात, जुन्या पुस्तकांत हेमारिया नावाने सापडेल. हे दक्षिण चीन, व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया या पट्ट्यातल्या दाट जंगलात जमिनीवर वाढतं. मोबाइलचा टॉर्च पानावर तिरका धरून बघा, पृष्ठभाग बारीक कण लावल्यासारखा चमकतो, आणि पान उलटं केलं तर मागून गडद लालसर. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून हेच आहे याबद्दल मला शंका नाही. नर्सरीवाल्यांनी सांगितलेला सल्ला पहिल्या झाडासाठी बरोबर आहे, तो दुसऱ्याला लावला गेला एवढंच.

आता जंगलात जमिनीवर वाढतं म्हणजे मातीत वाढतं असं नाही. तिथे जमिनीवर पडलेल्या, अर्धवट कुजलेल्या पानांचा थर असतो, काटक्या असतात, शेवाळ असतं, आणि ह्या झाडाचं खोड त्या थरावर आडवं सरपटत जातं, टोक फक्त वर उचललेलं. मुळं थोडी असतात, जाडसर, लव असलेली, खोडाच्या पेरापाशी फुटतात आणि त्या पाचोळ्यात उथळच शिरतात. तो थर सतत दमट असतो पण पोकळ असतो, बोट घातलं तर सहज आत जातं. आपल्या नर्सरीतली लाल माती म्हणजे नेमकं याच्या उलट. कोरडी झाली की दगड, ओली झाली की चिखल, आणि त्यात खोड उभं खोचून दोन पेरं खाली गाडलेली. मे महिन्यात ते चालून जातं कारण पाणी भराभर उडतं. जूनमध्ये हवेतच एवढा दमटपणा येतो की कुंडीतलं पाणी उडायला जागाच राहत नाही. त्यात तुमचा १४वा मजला, पाऊस तिरका आत येतो म्हणून काचा दिवसभर बंद, म्हणजे खोलीतली हवाही थांबलेली. माती ओली, हवा ओली, दोन्ही स्थिर, अशात बुरशी खोडात शिरायला वेळ लागत नाही.

म्हणून पाणी नुसतं बंद करून उपयोग होत नाही. लाल माती आतून सुकायला पावसाळ्यात खूप दिवस जातात आणि तोवर कूज वर सरकलेली असते. उन्हात ठेवलंत तर उरलेली पानंही भाजतील. आणि विटा-कोळशात लावलंत तर फॅलेनॉप्सिसच्या जाड, पांढऱ्या आवरणाच्या मुळांना जे जमतं ते ह्याच्या मुळांना जमत नाही, पावसाळाभर ठीक वाटेल आणि ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की झाड सुरकुतायला लागेल.

आता वाचवायचं कसं. हे आजच करा, शनिवार-रविवारची वाट बघू नका, कारण खोडात कूज रोज थोडी थोडी वर चढते.

झाड कुंडीतून पूर्ण बाहेर काढा. खेचू नका, ह्याचं खोड रसाळ असतं आणि काडकन मोडतं, कुंडी आडवी करून माती सैल करत काढा. मुळांची माती साध्या पाण्याने धुवा. आता खोड खालून वर बोटांनी हळू दाबत जा, जिथे मऊ लागायचं थांबतं आणि टणक लागायला सुरुवात होते ती जागा शोधा, आणि तिथून अजून एक पेर वर जाऊन धारदार ब्लेडने कापा. ब्लेड आधी स्पिरिटने पुसा. कापल्यावर आतला भाग बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. निरोगी खोड आतून फिकट पांढरट-हिरवं, एकसारखं आणि ओलसर कुरकुरीत दिसतं. मध्ये तपकिरी ठिपका किंवा तपकिरी गोल दिसला, कितीही छोटा असो, तर कूज अजून वर गेलेली आहे, ब्लेड पुन्हा पुसून आणखी एक पेर वर कापा. स्वच्छ काप मिळेपर्यंत थांबायचं नाही. लोक इथेच कच खातात, झाड छोटं होईल म्हणून तपकिरी भाग ठेवतात आणि आठवड्याभराने तोच तुकडा परत मऊ पडतो. शेवटी नुसतं टोक आणि तीन पानं उरली तरी चालेल, ह्या झाडात तेवढ्यातून पुन्हा उभं राहायची ताकद आहे.

काप घेतलेला तुकडा पंख्याखाली सावलीत काही तास, शक्य असेल तर रात्रभर उघडा ठेवा, कापलेली जागा सुकली पाहिजे. त्या जागेवर चिमूटभर दालचिनीची पूड लावली तरी चालते, पण फक्त कापावर, मुळांवर नको, ती मुळं सुकवते. बुरशीनाशक वापरायचं असेल तर कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबचं मिश्रण कुठल्याही खताच्या दुकानात मिळतं, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, हातात ग्लव्हज घालून, घराबाहेर. पण ते पुढची कूज अडवायला आहे, मऊ पडलेलं खोड त्याने परत टणक होत नाही.

मग रुजवायचं. माझी पद्धत अशी: पसरट डब्यात ओलसर मॉस (कुंडीत घालायचं सुकं शेवाळ) किंवा धुतलेलं परलाइट (पांढरे, हलके खनिजाचे दाणे) आणि कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) अर्धं-अर्धं, आणि ओलावा किती, तर घट्ट पिळलेल्या फडक्याइतका, हातात दाबलं तर पाणी टपकायला नको. त्यावर तुकडा आडवा ठेवायचा, उभा खोचायचा नाही. एक-दोन पेरं खाली टेकली पाहिजेत, बाकी खोड उघडं, पानं वर. हलत असेल तर केसांच्या पिनेने धरून ठेवा. मुंबईत पावसाळ्यात वरून पिशवी किंवा झाकण लावायची गरज नाही, हवेत आहे तेवढा दमटपणा पुरतो, झाकलंत तर उलट कूज. तीन ते सहा आठवड्यांत पेरातून पांढरट, लव असलेलं मूळ येताना दिसेल. काही जण नुसत्या पाण्यात ठेवूनही मुळं काढतात आणि ती येतातही, पण पाण्यातलं मूळ मिक्समध्ये लावल्यावर थोडं अडखळतं म्हणून मला ते फारसं आवडत नाही. आणि हो, खालचा जो भाग कापून काढलात त्यात मधे कुठे टणक, स्वच्छ पेर असेल तर ते फेकू नका, पान नसलं तरी चालतं, त्याच डब्यात कोपऱ्यात आडवं ठेवा, बऱ्याचदा डोळा फुटतो.

हे झालं तातडीचं. म्हणजे बाहेर काढणं, स्वच्छ मिळेपर्यंत कापणं, काप सुकवणं, आणि ओलसर मोकळ्या मिक्सवर आडवं ठेवणं. आता पुढे कायमचं कसं ठेवायचं ते सांगते, आणि इथे बरंच काही तुमच्या घरावर अवलंबून आहे. एसी किती तास चालतो, पंखा असतो का, खिडकी उघडी असते का, कुंडी प्लास्टिकची की मातीची, या प्रत्येकाने उत्तर बदलतं, त्यामुळे माझे दिवस तुमच्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत.

मिक्ससाठी मी साधारण दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट, एक भाग नारळाच्या सोडणाचे किंवा बार्कचे, म्हणजे झाडाच्या सालीचे, बारीक तुकडे आणि मूठभर चांगलं कुजलेलं पानांचं खत घेते. विटेसारखा दाबलेला कोकोपीट आणलात तर तो दोन-तीन पाण्यांनी नक्की धुवा, त्यात क्षार असतात आणि ऑर्किडच्या मुळांना ते सोसत नाहीत. शेणखत घालू नका, व्हर्मीकंपोस्टही जास्त नको, दोन्ही ओलं झालं की चिकट होतं आणि मोकळी जागा भरून टाकतं. तुमच्याकडे एसी दिवसभर चालत असेल तर मॉस थोडा मिसळा, खिडक्या कायम बंद असतील तर परलाइट वाढवा. वर्ष-दीड वर्षाने कोकोपीट कुजून बसतो, तेव्हा बदलायचं.

कुंडी उथळ आणि पसरट घ्या. खोल कुंडीत तळाचं मिक्स कधीच सुकत नाही आणि मुळं तिथवर पोचतही नाहीत. अर्धा किलोचा श्रीखंडाचा डबा ह्या कामाला फार छान, तळाला आणि बाजूला खालच्या कडेने भरपूर भोकं पाडायची, एक-दोन भोकांनी काही होत नाही. दिसायला बरं हवं असेल तर तो डबा सिरॅमिकच्या कुंडीत ठेवा, पण मधे बोटभर जागा मोकळी राहू द्या आणि त्या बाहेरच्या कुंडीत पाणी साचलेलं नाही ना ते प्रत्येक वेळी बघा. गिफ्टवाल्या, भोक नसलेल्या कुंड्यांमध्ये ही झाडं कशी तळाशी उभ्या पाण्यात मरतात ते मी इतक्या वेळा बघितलंय की कुणाला द्यायचं असेल तर मी आधी कुंडी उलटी करून बघते.

पाणी. वार ठरवून पाणी देऊ नका. जेवणासोबत मिळणारी लाकडी चॉपस्टिक किंवा बांबूची काडी मिक्समध्ये तळापर्यंत खोचून पाच मिनिटं ठेवा आणि काढून बघा. काडी गडद, ओली दिसली तर थांबा. वरचा भाग कोरडा आणि तळाला किंचित ओल असेल ती पाणी द्यायची वेळ. पूर्ण कोरडं होऊ द्यायचं नाही, इथे फॅलेनॉप्सिसपेक्षा हे वेगळं. द्याल तेव्हा वरून भरपूर, खालून वाहून जाईपर्यंत, आणि ताटलीतलं पाणी ओतून टाका. माझ्याकडे मे महिन्यात तीन-चार दिवसांनी लागतं, भर पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनीही काडी ओली निघते. महिनाच काय, एकाच आठवड्यात पावसाने उघडीप दिली की हिशोब बदलतो. पाणी सकाळी द्या, पानांच्या मधल्या खोबणीत थेंब साचून रात्रभर राहिले तर डाग पडतात.

पाणी कुठलं याबद्दल, महापालिकेचं पाणी ह्या झाडाला चांगलं आहे. तानसा, वैतरणा, भातसा ह्या तलावांचं पाणी आहे, मऊ असतं, क्लोरीनची फार काळजी नको, बादलीत रात्रभर ठेवलं की झालं. अडचण येते ती सोसायटीत टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी मिसळतात तेव्हा. पानांची टोकं तपकिरी, मिक्सवर पांढरा थर, ही त्याची खूण. आणि आरओचं जे वाया जाणारं पाणी असतं ते कृपया ह्या झाडाला घालू नका, क्षार त्यात साठलेले असतात. ते लादी पुसायला वापरा. पावसाचं पाणी साठवता आलं तर सगळ्यात उत्तम.

हवा हा भाग लोक विसरतात. पावसाळ्यात काचा बंद असल्या तरी छताचा पंखा एकवर दिवसातून काही तास चालू राहू द्या. झाडावर थेट झोत नको, नुसती हवा हलती हवी. एसीच्या झोतात मात्र अजिबात नको, तिथे पानांच्या कडा सुकतात आणि कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीडही लागते.

उजेडाचं सांगायचं तर, हे कमी उजेडातलं झाड आहे, पण कमी म्हणजे अंधार नाही. दिवसा लाइट न लावता पेपर वाचता आला पाहिजे तेवढा उजेड हवा. तुमच्या पश्चिमेच्या खिडकीत काचेलगत ठेवू नका, एप्रिल-मेच्या दुपारी ती जागा तापते, पडदा असेल तर खिडकीपासून तीन-चार फूट आत ठीक. पूर्वेची खिडकी असेल तर तिथे जवळही चालतं. दक्षिणेच्या खिडकीबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. मे ते जुलै मुंबईत दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, मे मध्यात आणि जुलै अखेरीस तर शून्य सावलीचे दिवस येतात, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन आत येतच नाही. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दुपारी दक्षिणेला खाली झुकलेला असतो आणि ऊन थेट हॉलच्या मध्यापर्यंत येतं. उन्हाळ्यात सुखाने राहिलेलं झाड मग नाताळात भाजतं आणि लोकांना वाटतं रोग आला. दिवाळी झाली की जागा एकदा तपासा. पान फिकट, लालसर-वीटकरी व्हायला लागलं तर उजेड जास्त होतोय. पेरांमधलं अंतर वाढून खोड लांबुडकं झालं आणि रेषांची चमक गेली तर कमी पडतोय.

खत अगदी हलकं. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) दोन लिटर पाण्यात पाव चहाचा चमचा, महिन्यातून एकदा, तेही झाड वाढत असताना आणि मिक्स आधीच ओलसर असताना. तुमच्या तुकड्याला नवं पान येईपर्यंत काहीच देऊ नका. महिन्यातून एकदा नुसत्या साध्या पाण्याने मिक्स चांगलं धुऊन काढा. किडींमध्ये मिलीबग सगळ्यात जास्त, पेराच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो, इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा. नीमतेल शक्यतो नको, मखमली पानावर त्याचे डाग बसतात आणि जात नाहीत.

खालची पानं गळण्याबद्दल. झाड वाचल्यावरही वर्षातून काही जुनी पानं पिवळी होऊन पडतीलच, खोड पुढे सरकतं आणि मागचं उघडं पडतं, ही त्याची रीत आहे. खोड टणक असेल तर काळजी करू नका. मागचा उघडा भाग फार वाढला की कापून त्याच कुंडीत आडवा ठेवायचा, दोन-तीन वर्षांत कुंडी भरून जाते.

तुम्ही शेवटी विचारलंय की ट्रेकला गेल्यावर सह्याद्रीत अशी जमिनीवरची ऑर्किड दिसतात ती आणून लावली तर चालतील का. नाही, आणि हे मी मनापासून सांगते. आपल्याकडच्या हबे आमरी (हॅबेनेरिया, जमिनीवरची रानटी ऑर्किडं) पावसाळ्यात जमिनीतल्या कंदातून वर येतात, फुलतात आणि पावसाळा संपल्यावर वरचा भाग पूर्ण वाळून कंद पुढच्या जूनपर्यंत झोपतो. त्या जमिनीतल्या विशिष्ट बुरशीशी त्यांचं जगणं जोडलेलं असतं, तुमच्या कुंडीत ती नसते, म्हणून आणलेला कंद एखादा पावसाळा दिसतो आणि मग उगवतच नाही. तिकडे मात्र ती जागा कायमची रिकामी होते. शिवाय बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून किंवा कुठल्याही अभयारण्यातून झाड उपटणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. फोटो काढा, तिथेच राहू द्या. जमिनीवरचं दुसरं ऑर्किड हवंच असेल आणि ग्रिलमध्ये तीन-चार तास ऊन येत असेल तर नर्सरीतलं स्पॅथोग्लॉटिस घ्या. मॅकोडिस किंवा अ‍ॅनेक्टोचायलस ही लुडिसियाची भावंडं ऑनलाइन दिसतील, दिसायला फार सुंदर आहेत, पण नाजूक आहेत, हे झाड एक वर्ष नीट सांभाळल्याशिवाय घेऊ नका.

फुलांचं म्हणाल तर ह्या हिवाळ्यात अपेक्षा धरू नका, तुकडा अजून अंग धरत असेल. पुढच्या वर्षी, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, चार-सहा पानांच्या भरलेल्या टोकातून लवदार दांडा वर येईल, त्यावर छोटी पांढरी, मधे पिवळा ठिपका असलेली फुलं, महिनाभर टिकतात. दांडा दिसला की कुंडी फिरवू नका आणि जागा बदलू नका. फुलं सुकली की दांडा खालून कापून टाका, ते टोक पुढे वाढणार नाही पण त्याच्या खालच्या पेरांतून नवे फुटवे येतील, आणि नेमके तेव्हाच लोक झाड संपलं समजून पाणी तोडतात, ते करू नका, पाणी आधी होतं तसंच चालू ठेवा.